आपांचा अळणी समुद्र

आमच्या ऑफिसात कोणी रजा मागायला गेलं, की आपा आधी विचारायच्या, "घरी चाललास की सुट्टीवर?"

नवा माणूस गोंधळायचा. त्याच्या लेखी दोन्ही एकच. आखातात नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, सुट्टी म्हणजे घर. दुसरीकडे कुठे जायचं असतं हेच कुणाला सुचत नाही. तो बिचारा म्हणायचा, "घरी, आपा." आपा सही करायच्या आणि कागद परत देताना सांगायच्या, "मग परत आल्यावर दोन दिवस आराम कर. तिकडे मिळायचा नाही."

फुजैराच्या बंदरासमोर तेल भरायला आलेली जहाजं नांगर टाकून उभी असतात. त्यांच्यावरचे खलाशी बदलायचे, म्हणजे जुने उतरवून विमानात बसवायचे आणि नवे विमानतळावरून आणून लाँचने जहाजावर चढवायचे, हे आमच्या एजन्सीचं काम. ते सगळं खातं आपांच्या हातात होतं. म्हणजे बाई दिवसभर जगातल्या माणसांना घरी धाडत बसायच्या. महिनोन् महिने समुद्रावर राहिलेला कोणी उतरला, की त्याला आधी चहा, मग पासपोर्टवर शिक्का, मग विमान. एखाद्या कॅप्टनने घाई केली तर आपा फोनवर अशा बोलायच्या, की फोन नसता तरी त्याला जहाजावर ऐकू गेलं असतं. "कॅप्टन, यू वेट. सी इज वेटिंग, शिप इज वेटिंग, आय ॲम ऑल्सो वेटिंग. खलास." मोठमोठ्या तेलवाहू जहाजांचे कॅप्टन यावर "येस मॅडम" म्हणून गप्प बसायचे.

आपा मूळच्या दाभोळच्या खाडीकाठच्या. वडील मचव्यावर तांडेल, नवरा जहाजावर फिटर. नवरा आजाराने लवकर गेला, तेव्हा लहान मुलाला कडेवर घेऊन त्या इकडे आल्या. टायपिस्ट म्हणून लागल्या आणि हळूहळू खात्याच्या प्रमुख झाल्या. मुलाला इथेच शिकवलं, इंजिनिअर केलं. आता तो गाडीने दोन-अडीच तासांवर, खलिफा सिटीत बायको आणि दोन मुलांबरोबर राहतो. आपा मात्र फुजैरातल्या जुन्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये एकट्या, आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर मी. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले आणि त्यांच्याच ऑफिसात चिकटले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं, "तू घाटावरची. तुम्हाला समुद्र दिसला की तुम्ही फोटो काढता. आम्हाला दिसला की आम्ही भांडी घासायला लागतो." कारण विचारलं तर म्हणाल्या, "समुद्र दिसला म्हणजे होड्या आल्या. होड्या आल्या म्हणजे काम आलं."

ऑफिसात समुद्राकडची सगळ्यात चांगली खिडकी आपांच्या टेबलामागे होती. तिचा पडदा त्या कायम पाडून ठेवत. मॅनेजर, केरळचे अगदी सज्जन गृहस्थ, कुणी पाहुणा आला की तो पडदा वर करायचे. पाहुणा गेला की आपा खाली करायच्या. वर्षानुवर्षं हे चालू होतं आणि दोघंही त्याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत.

शुक्रवारी अर्धा दिवस असायचा. माझा नवरा दुबईहून संध्याकाळी यायचा, त्याआधी आपा मला गाडीत घालून खोर फक्कानला न्यायच्या. किनाऱ्यावर गाडी लावायची, कडक चहा मागवायचा आणि काचा वर करून एसीत बसायचं. समोर कंटेनरची क्रेन हलत असायची. आपा तिच्याकडे तिरसट नजरेने बघत म्हणायच्या, "बघ, शुक्रवार आहे, तरी याला चैन नाही. सारखा कामात." याला म्हणजे समुद्राला. आमच्या गप्पांतला निम्मा भाग समुद्राला नावं ठेवण्यात जायचा.

अशा बाईने आपल्या सुट्टीसाठी समुद्रच निवडावा, हे मला आधी खरं वाटलं नाही.

ते असं झालं. एका ऑगस्टात एस्टोनिया नावाच्या देशाचा एक वयस्कर कॅप्टन उतरला. विमान संध्याकाळचं होतं आणि बाहेर चपला डांबराला चिकटतील असं ऊन, म्हणून आपांनी त्याला ऑफिसातच बसवून घेतलं. बोलता बोलता विचारलं, त्याच्या गावाला समुद्र आहे का. तो म्हणाला, आहे. आपांनी विचारलं, कसा आहे? कॅप्टनने बराच विचार केला. मग म्हणाला, "इट डझ नथिंग, मॅडम."

काही करत नाही. आपांनी हातातलं काम बाजूला ठेवून त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं, आमच्याकडे भरती-ओहोटी जवळजवळ नसते. पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. उथळ आहे, लाटा नाहीत, मिठाचं प्रमाणही कमी. लोक उन्हाळ्यात येऊन बाकावर बसतात. गावाचं नाव हाप्सालू.

पुढच्या जुलैत आपा हाप्सालूला गेल्या. एकट्या.

व्हिसाच्या खिडकीवर दुबईत त्यांना विचारलं, "पर्पज ऑफ व्हिजिट?" आपा म्हणाल्या, "सिटिंग." खिडकीतली मुलगी म्हणाली, "मीटिंग?" आपा म्हणाल्या, "नो मीटिंग. ओन्ली सिटिंग." शेवटी तिने आपल्या मनाने टुरिझम लिहिलं. मी शेजारी उभी होते, म्हणून हे सांगते आहे. नाहीतर आपांबद्दलच्या निम्म्या गोष्टी लोक रचूनच सांगतात.

मशिदीच्या मौलानांनाही विचारून झालं. तिकडे जुलैत सूर्य रात्री साडेदहाच्या पुढे मावळतो आणि पुरता अंधार होतच नाही, मग नमाजाच्या वेळा कशा धरायच्या? मौलानांनी नीट समजावून सांगितलं, वेळापत्रकाची तोड काढून दिली आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "मगर बहन, वहाँ जाना क्यूँ है?"

हा प्रश्न सगळ्यांचाच होता. आणि आपांना नेमका तोच नको होता. गावाहून भावाचा फोन आला, जुलैत ये, धाकट्या पोरीचा साखरपुडा ठरवतोय. आयुष्यात कधी खोटं न बोलणाऱ्या आपांच्या तोंडून निघून गेलं, "जुलैत माझं ट्रेनिंग हाय. कंपनी युरोपला पाठवते." फोन ठेवल्यावर त्या स्वतःच चकित झाल्या. मग मला म्हणाल्या, "बरोबरच बोलले गो. सुट्टीला जाते म्हटलं तर विचारतील कोणाबरोबर. एकटी म्हटलं तर विचारतील, 'का?' ट्रेनिंगला कोणी 'का' विचारत नाय." मुलालाही तेच सांगितलं.

कुणाला वाटेल त्यांनी गावाला टाकलं. तसं मुळीच नाही. डिसेंबरात त्या दरवर्षी गावी जात, आणि तेही रीतसर. खोकी भरून, दोरीने करकचून बांधून, वर मार्करने मोठ्या अक्षरात नाव घालून. गावात उतरल्यापासून ओटा माणसांनी भरलेला. कुणाला साबण, कुणाला अत्तर, कुणाच्या पोराला नोकरी, कुणाच्या बांधाचं भांडण. आपा पहाटे उठून सगळ्यांच्या भाकऱ्या करत आणि दिवसभर सगळ्यांचं ऐकत. परत आल्या की त्यांना विश्रांतीसाठी ऑफिसला यावं लागे. "त्यांचा जीव आहे माझ्यावर," त्या म्हणायच्या, "म्हणून तर एवढं दमायला होतं."

पहिल्या वर्षापासूनच, दर जुलैत हाप्सालूला जाताना आपला फोन त्या माझ्याकडे ठेवून जायच्या. म्हणजे ट्रेनिंगचा कारभार माझ्याकडे आला. भावाचा व्हिडिओ कॉल आला की मी गंभीर चेहऱ्याने सांगायची, "मामू, आपांना तिकडे फोन अलाउड नाहीत. सिक्युरिटी असते." मामू खालच्या आवाजात म्हणायचे, "अच्छा अच्छा, नको मग त्रास." दरवर्षी मामूंच्या आवाजातला आदर वाढत गेला. गावात म्हणे असं पसरलं, की आपांना विचारल्याशिवाय युरोपातलं एकही जहाज हलत नाही. मला हे काम मनापासून आवडायचं.

आणि त्या तिकडे काय करायच्या? बसायच्या. एवढंच. मी खोदखोदून विचारायची. खोर फक्कानच्या चहाबरोबर तुकड्या-तुकड्याने उत्तरं मिळायची. खाडीच्या टोकाला एका म्हाताऱ्या बाईचं लाकडी घर आहे, तिच्याकडे खोली घेतात. खिडकीत तीच बाई सकाळी काळा पाव आणि भाजलेला मासा ठेवते. हलालचा प्रश्न नको म्हणून आपा तिथे मटणाचं नाव काढत नाहीत. "मासा सोडला तर तिकडे तुझ्यासारखी शाकाहारी होते मी. बटाटे, काकडी, शेपू. शेपू तर ते लोक कशातही घालतात, चहात घालत नाहीत एवढंच." मग चालत जायचं. उथळ पाण्यात कितीही आत गेलं तरी गुडघाभरच. "समुद्र कसला, भाताचं खाचर आहे. आणि अळणी. पाय धुवावे लागत नाहीत."

"कंटाळा नाही येत, आपा?"

"येतो ना," त्या एकदम खुशीत म्हणाल्या. "तिसऱ्या दिवसापासून मस्त कंटाळा येतो. इतकी वर्षं मला कंटाळायला टाइम कुठे होता?"

त्या घरमालकिणीबद्दल मात्र त्या भरभरून बोलायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. दुपारी घरामागे दोघी बसतात. ती विणते, आपा नुसत्या. "एवढ्या वर्षांत तिने मला एक गोष्ट विचारली नाय. नवरा कधी गेला, पोरगा काय कमावतो, सून बघते का नीट, काय नाय. मी आले की मान हलवते, जाते तेव्हा मान हलवते. सोन्यासारखी बाई."

आमच्याकडे रजेवरून आलेल्या माणसाने ऑफिसात काहीतरी खायला आणायचं, असा रिवाज आहे. केरळवाले केळ्याचे काप आणतात, फिलिपिन्सच्या मुली सुकवलेले आंबे, मी साताऱ्याचे कंदी पेढे. आपा तिकडून हात हलवत यायच्या. पहिल्या वर्षी सगळे आशेने टेबलाभोवती जमले. आपा म्हणाल्या, "तिथे काही नसतं," आणि कोणतं जहाज आलंय ते विचारायला लागल्या. चेहरा मात्र असा असायचा, की वाटे बाईला कुणीतरी धुऊन, वाळवून, इस्त्री करून पाठवलंय.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एक चूक झाली, आणि ती फक्त आपल्याकडचाच मुलगा करू शकतो.

ईदच्या जेवणाला आपांच्या फ्लॅटवर आम्ही सगळे होतो. मॅनेजर होते, मी होते, मुलगा-सून, दोन नातवंडं. शीरखुर्मा वाढून झाला आणि मुलगा वाटी हातात घेऊन मॅनेजरांसमोर जाऊन उभा राहिला. आईच्या साहेबांचे आभार मानायला. इंग्रजीत, अगदी अदबीने म्हणाला, की सर, दरवर्षी तुम्ही माझ्या आईला युरोपला ट्रेनिंगला पाठवता, या वयात तिच्यावर एवढा विश्वास दाखवता, आमच्या फॅमिलीला याचा फार अभिमान आहे.

मॅनेजरांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी गोड हसून मान हलवली आणि म्हणाले, "ट्रेनिंग? नो नो, दॅट इज हर लीव्ह. शी गोज टू सम बीच. व्हेरी गुड फॉर हेल्थ."

मी आपांकडे बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात पातेलं धरून उभ्या होत्या. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं होतं. मुलगा रागावला असता तर परवडलं असतं. तो रागावला नाही. मॅनेजर गेल्यावर त्याने आईला खाली बसवलं आणि फार हळू आवाजात विचारलं, "अम्मी, तू इतकी वर्षं एकटी जातेस? एकटी?"

"हो रे. त्यात काय."

"आम्हाला सांगायचं तरी. मी इतका बिझी झालो का, की माझी आई एकटी कुठेतरी जाऊन बसते आणि मला पत्ता नाही?" त्याचे डोळे भरले होते. मोठा नातू म्हणाला, "दादी, दॅट्स सो सॅड."

झालं. आपा एकट्या गेल्या कारण बरोबर यायला कोणी नव्हतं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. यापुढे अम्मीला एकटीला जाऊ द्यायचं नाही. यंदा सगळे जाणार. मुलाने तिथेच मामूंना फोन लावला. खरं कळल्यावर मामूही हळहळले. मग ठरलं की मामू आणि मामींनाही घेऊ, त्यांनी कुठे युरोप बघितलाय. खोली नको, पूर्ण घर भाड्याने घेऊ. खर्च सगळा मुलाचा. सून गूगलवर घरं बघायला लागली. नातवाने विचारलं, "इज देअर अ वॉटर पार्क?" सगळे इतके आनंदात होते, आणि त्या आनंदाच्या मधोमध आपा हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या.

पुढच्या शुक्रवारी खोर फक्कानला त्यांनी चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, "गेले गो माझे पंधरा दिवस."

"मग नाही म्हणा ना."

"काय म्हणू? तुम्ही येऊ नका म्हणू? पोटच्या पोराला?"

"तुम्ही मागे एका ग्रीक कॅप्टनला इमिग्रेशनच्या बाहेर दिवसभर उभा केला होता, आपा."

"त्याने माझ्यावर जीव टाकला नव्हता." त्या समोरच्या क्रेनकडे बघत म्हणाल्या, "या पोराने लहानपणी माझी वाट बघत दारात बसून दिवस काढलेत. मी ऑफिसात, तो शेजारणीकडे. आता तो म्हणतो मी तुझ्याबरोबर येतो. त्याला सांगू की अम्मीला वर्षातून एकदा तू पण नको असतोस? कुठल्या भाषेत सांगू?"

मला भयंकर राग आला. तो मुलावर नव्हता, मुलगा सोन्यासारखा आहे. राग आपल्या सगळ्यांच्या प्रेमावर आला. आपलं प्रेम पाहुण्यासारखं चपला काढून बाहेर थांबत नाही, सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतं आणि तिथेच बसतं. माणूस एकटं बसलेलं दिसलं की आपल्याला ते दुःखीच वाटतं.

जुलैत सगळे गेले. या खेपेला फोन आपांकडेच होता, कारण मुलाने बजावलं होतं. सून मला फोटो पाठवायची. किल्ल्यासमोर सगळे, आइस्क्रीम खाताना सगळे, समुद्रात गुडघाभर पाण्यात मामू, पँट वर करून, चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव. एका फोटोत मामी परक्या स्वयंपाकघरात माशाचं कालवण ढवळत होत्या. गावाहून त्यांनी मसाला, तांदूळ, कोकम, सगळं नेलं होतं. आपा प्रत्येक फोटोत होत्या, आणि प्रत्येक फोटोत त्यांच्या हातात काहीतरी होतं. कुणाची बॅग, कुणाचा टॉवेल, पाण्याची बाटली, ताट. दाभोळचं घर उचलून कुणीतरी हाप्सालूला नेऊन ठेवलं होतं. वर नातवाचा व्हॉइस मेसेज, "आंटी, देअर इज लिटरली नथिंग टू डू हिअर."

आणि एका दुपारी मुलाचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"दीदी, अम्मीचा तुम्हाला कॉल आला का?"

"नाही. का?"

"जेवण झाल्यावर दही आणते म्हणून निघाली. तीन तास झाले. फोन घरीच ठेवलाय, उशीखाली. मामी रडतायत. मामू म्हणतायत पोलिसात जाऊ. तुम्हाला तिने कधी सांगितलंय का, ती इथे कुठे जाते?"

मला ठाऊक होतं त्या कुठे असणार. खाडीच्या टोकाचं लाकडी घर, त्यामागचं अंगण, विणणारी म्हातारी. मी सांगितलं असतं तर पाच मिनिटांत सगळा कबिला तिथे पोचला असता, मामू म्हातारीला तिच्या नवऱ्याचं विचारायला लागले असते. मी म्हणाले, "मला नाही माहीत. पण काळजी करू नका. गाव एवढंसं आहे. येतील."

"मी बघतो जाऊन," म्हणून त्याने फोन ठेवला.

खोटं बोलून मी ऑफिसात फेऱ्या मारत राहिले. आपलं चुकलं का, बाईला खरंच काही झालं असलं तर, असलं सगळं डोक्यात येऊन गेलं. तासाभराने त्याचा मेसेज आला. "नाही सापडली. पण घाबरू नका दीदी, येईल ती." मला त्या मेसेजचं नवल वाटलं. आई सापडत नसलेला माणूस असं लिहीत नाही. संध्याकाळी सुनेचा मेसेज आला, अम्मी आल्या, दही घेऊन.

परत आल्यावर मी आपांना एकांतात गाठून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही म्हातारीकडेच होतात ना?"

"मग कुठे जाणार? भेटल्याशिवाय येणार होते का?"

"तुमचा मुलगा शोधत आला नाही तिथे?"

"छे गो. कोणी नाय आलं. इन्शाल्ला पुढच्या वेळी पण कोणी नको येऊ दे." असं म्हणून हसल्या खऱ्या, पण पुढची वेळ आपल्या हातात नाही हे त्यांनाही कळत होतं. त्या वर्षी त्यांनी ऑफिसात चॉकलेटचे तीन डबे आणले होते. मुलाने घ्यायला लावले होते. सगळे खूश झाले. मला ती चॉकलेटं गोड लागली नाहीत.

त्यानंतरच्या जूनमध्ये एका सकाळी मी ऑफिसला निघाले, तर खाली मुलाची गाडी उभी. आपांना व्हिसासाठी दुबईला न्यायला आला होता. खलिफा सिटीहून इतक्या लवकर, म्हणजे अंधारातच निघाला असणार. उन्हाने आताच तापायला सुरुवात केली होती. त्याने काच खाली केली. मला वाटलं, पुन्हा सगळी वरात. विचारलं, "यंदा किती जण?"

"एक," तो म्हणाला.

"एकच?"

"अम्मी. घर पण नको म्हटलं. तिला म्हणालो, तुझी नेहमीची खोलीच घे." मग स्टिअरिंगवर हात ठेवून तो म्हणाला, "दीदी, एक सांगू? मागच्या वर्षी मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती मला सापडली होती."

मी गाडीच्या दाराशी वाकले.

"खाडीच्या कडेने चालत गेलो. एका घराला लाकडी कुंपण होतं, खांद्याएवढं. पलीकडे अंगणात ती होती. एक म्हातारी विणत होती आणि शेजारी अम्मी. मी हाक मारणारच होतो, अगदी ओठावर आली होती. पण..." तो शब्द शोधत होता. मराठी बोलताना एरवी तो पटकन इंग्रजीवर जातो, त्या दिवशी गेला नाही. "ती मागे टेकून बसली होती, दीदी. पाय लांब करून, चपला काढून. तोंड थोडं उघडं, डोळे मिटलेले. मी माझ्या आयुष्यात अम्मीला मागे टेकून बसलेलं पाहिलेलं नाही. आमच्याकडे ती खुर्चीच्या कडेवर बसते. कोणाला काही लागलं तर उठायला बरं पडतं म्हणून. मला वाटायचं, तिला तसंच बसायला आवडतं."

"मग हाक नाही मारलीत?"

"हाक मारली असती तर ती उठली असती." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "थोडा वेळ कुंपणाशी थांबलो आणि परत आलो. सगळ्यांना सांगितलं, नाही सापडली."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वरून आपा होत्या, आवाज नेहमीसारखा जहाजापर्यंत जाणारा. मलाही बाहेर ऐकू आला. "आलास का रे? नाश्ता केला नसशील. थांब, पराठे लाटते आणि चहा टाकते, वर ये."

मुलगा गाडी बंद करून उतरला. फोन कानाला लावूनच जिन्याकडे चालू लागला.

"नको अम्मी," तो म्हणाला. "तू बस. मी वर येऊन टाकतो."